पोहणं शिकवा, चित्र काढू द्या

परीक्षा जवळ आली की मुलांच्या पोटात गोळा येतो आणि परीक्षा संपत आली की आयांच्या! आता दोन महिने ही कार्टी घरात काय काय उच्छाद मांडणार, या विचारानं. मग एप्रिल लागला की माझा फोन वाजायला लागतो.

''ताई, यंदा शिबिर आहे ना? आमच्या छोटीचं नाव घाला.''

''काकू, नुसतं ड्रॉइंगला घातलं तर चालेल का? पोहायला नको, हिला लगेच सर्दी होते.''

''वहिनी, धाकट्याला पोहायला पाठवते, पण मोठीला तेवढं चित्रकलेला घ्या. मुलीच्या जातीला पोहून काय करायचंय?''

हे शेवटचं वाक्य ऐकलं की माझ्या हातातलं काम थांबतं. का थांबतं, ते पुढे सांगतेच.

आमचं गाव कृष्णाकाठचं, तालुक्याचं. आमच्या महिला मंडळातर्फे २०१४ पासून दर मे महिन्यात पहिली ते चौथीच्या मुलांसाठी आम्ही तीन आठवड्यांचं शिबिर घेतो. मधली करोनाची दोन वर्षं सोडली तर खंड नाही. सकाळी सात ते आठ नगरपालिकेच्या तलावावर पोहणं, मग मटकीची उसळ नाही तर उपमा असा नाश्ता आणि नऊ ते साडेदहा मंडळाच्या हॉलमध्ये चित्रकला. मी स्वतः ना पोहणारी, ना चित्रकार. मराठी घेऊन बी.ए. झाले आणि शाळेत एलिमेंटरी परीक्षेत कशीबशी 'सी' ग्रेड मिळवली, एवढीच माझी पुंजी. पण इतकी वर्षं या पोरांच्या मागे धावताना एक गोष्ट मात्र नक्की कळली. पोहणं मुलांना शिकवावं लागतं. आणि चित्र? ते या वयात शिकवायचं नसतंच, काढू द्यायचं असतं. आपण आया नेमकं उलटं करतो. पोहणं 'येईल मोठेपणी आपोआप' म्हणून सोडून देतो आणि चित्राला मात्र मुलाचा हात धरून बसतो!

काठावर बसलेल्या मुली

माझं आजोळही नदीकाठचंच. मे महिन्यात आम्ही सगळी मामेभावंडं, मावसभावंडं तिथं जमायचो. मामाच्या मळ्यात मोठी दगडी विहीर होती. सकाळी मामा सगळ्या मुलांना घेऊन विहिरीवर जायचा. लहानांच्या पाठीला पत्र्याचा रिकामा डबा नाही तर वाळलेला भोपळा बांधायचा, कमरेला दोर लावायचा आणि दोराचं टोक स्वतःच्या हातात धरून एकेकाला पाण्यात सोडायचा. आठ-दहा दिवसांत डबा सुटायचा, मग दोरही सुटायचा. मोठी मुलं वरून मुटके मारायची, सूर मारायची. पाणी पार काठापर्यंत उडायचं.

आम्ही मुली कुठे होतो? काठावर. मुलांचे कपडे आणि पंचे सांभाळत. उडालेलं पाणी अंगावर आलं तरी आम्हाला केवढा आनंद व्हायचा! ''मामा, आम्हाला पण शिकव ना,'' असं माझ्याहून दोन वर्षांनी मोठी असलेली मामेबहीण एकदा म्हणाली होती. मामा काही बोलायच्या आत मामीच म्हणाली, ''पोरीला काय करायचंय पोहून? गुमान बस.''

१९९२ सालची गोष्ट. मी बारा वर्षांची, ती चौदा. घटस्थापनेआधी घरातल्या गोधड्या नदीवर नेऊन धुवायची आपल्याकडे पद्धत आहे, तुम्हाला माहीतच आहे. मामी, शेजारच्या दोघी-तिघी आणि ती अशा सगळ्या घाटावर गेल्या होत्या. पावसाळा सरत आला होता, पण नदीला पाणी होतं. भिजलेली गोधडी किती जड होते! ती हातातून सुटली आणि धारेला लागली. ती धरायला माझी बहीण दोन पायऱ्या खाली उतरली, शेवाळावरून पाय घसरला आणि गेली. घाटावर चार बायका होत्या. एकीलाही पोहता येत नव्हतं. तिचे दोन्ही भाऊ विहिरीत पट्टीचे पोहणारे, ते त्या वेळी शाळेत बसले होते.

मामी त्यानंतर बरीच वर्षं जगली. पण दर मे महिन्यात मुलं विहिरीवर निघाली की ती आत स्वयंपाकघरात जाऊन बसायची. एकदाच मला म्हणाली, ''मीच म्हणाले होते गं तसं.'' बस, एवढंच.

म्हणून मैत्रिणींनो, आमच्या शिबिरात एक नियम आहे. एका घरातून मुलगा पोहायला येणार असेल तर त्याची बहीणही यायला हवी. तिची फी निम्मी!

पाणी दारातच असतं

''आम्ही कुठे नदीवर जातो?'' असं पुष्कळजणी म्हणतात. पण पाणी आपल्याकडे चालत येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली. त्यांतला जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांच्या आतल्या बाळांचा. पाच ते चौदा वर्षांच्या मुलांच्या मृत्यूच्या कारणांत बुडणं तिसऱ्या क्रमांकावर आहे. आपण डेंग्यूला घाबरतो, सापाला घाबरतो, पण घरामागच्या हौदाला घाबरत नाही.

आणि आता तर शेततळी आली. २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि रानारानांत तळी झाली. पाण्याची सोय झाली, चांगलंच आहे. पण या तळ्यांना आतून प्लास्टिकचा कागद असतो. तो ओला झाला, त्यावर शेवाळ धरलं की इतका निसरडा होतो, की आत पडलेल्या माणसाला चढून वर येता येत नाही. पोहता येणाराही दमून जातो. म्हणून ज्यांच्या शेतात असं तळं आहे त्यांनी एवढं करावंच. भोवती कुंपण घालावं आणि काठावरच्या पक्क्या खुंटाला बांधलेला, गाठी मारलेला जाड दोर चारही बाजूंनी पाण्यापर्यंत सोडून ठेवावा. दोराला ट्यूब किंवा बंद कॅन बांधला तर आणखी चांगलं. खर्च किती? एका साडीइतकाही नाही.

बुडणाऱ्या माणसाबद्दल सिनेमानं आपली फार फसवणूक केली आहे. 'वाचवा, वाचवा' म्हणून हात हलवत ओरडणारा माणूस आपल्या डोळ्यांसमोर असतो. प्रत्यक्षात बुडणारं मूल बहुधा ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतं, श्वास घ्यायलाच सवड नसते, तर ओरडणार कुठून? मान मागे, तोंड वर, शरीर उभं आणि सगळं शांत. दहा पावलांवर बसलेल्या आईलाही कळत नाही. म्हणून लहान मूल पाण्यात किंवा पाण्याजवळ असताना मोबाइल पिशवीत ठेवायचा आणि नजर त्याच्यावरच ठेवायची. दंडावर हवेचे फुगे लावले म्हणजे मूल सुरक्षित झालं, असंही समजू नका. ती खेळणी आहेत. फुगा निसटतो, हवा जाते.

ढकलून कोणी शिकत नाही

मग कितव्या वर्षी शिकवायचं? साधारण चौथ्या वर्षापासून बहुतेक मुलं सूचना ऐकून शिकण्याइतकी तयार होतात. सहा वर्षांच्या पुढच्या प्रत्येक मुलाला पोहण्याची प्राथमिक कौशल्यं शिकवावीत, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. म्हणजे आपली पहिली-दुसरीची मुलं अगदी योग्य वयात आहेत.

पण कसं शिकवायचं, ते महत्त्वाचं. माझ्या धाकट्या जावेचा मुलगा पाच वर्षांचा असताना त्याला एका शिबिरात घातलं होतं. तिथल्या सरांनी दुसऱ्या दिवशी त्याला उचलून सरळ पाण्यात टाकलं. ''घाबरायचं नाही, हातपाय मार!'' नाकातोंडात पाणी गेलं, गटांगळ्या खाल्ल्या. बाहेर काढलं तेव्हा पोरगं थरथर कापत होतं. 'अशानंच भीड चेपते' असं पुष्कळांना वाटतं. त्याची भीड चेपली नाहीच, उलट नंतर वर्षभर डोक्यावरून पाणी घेताना तो आरडाओरडा करायचा. आमच्याकडे आला तेव्हा पहिले चार दिवस तो फक्त पायरीवर बसून पाय हलवत होता. आम्ही म्हटलं, बस बाबा. पाचव्या दिवशी स्वतःच उतरला.

आमच्याकडे शिकवायला दोघे आहेत. एक निवृत्त पी.टी. शिक्षक आणि एक कॉलेजातली मुलगी, जी विद्यापीठापर्यंत पोहली आहे. ती आल्यापासून मुलींची संख्या दुप्पट झाली, हेही सांगून टाकते. त्यांची पद्धत अशी :

पहिले दोन-तीन दिवस कमरेइतक्या पाण्यात नुसते खेळ. तोंड पाण्यात घालून फुगे काढायचे, तळाशी टाकलेली स्टीलची वाटी वाकून उचलायची. श्वास पाण्याबाहेर घ्यायचा आणि पाण्यात सोडायचा, हे एकदा अंगवळणी पडलं की निम्मं काम झालं. मग तरंगणं. छातीत हवा भरून हातपाय सैल सोडले की शरीर आपोआप वर येतं. आमचे सर मुलांना सांगतात, ''तुमच्या छातीतली हवा हाच तुमचा भोपळा. तो फुटत नाही आणि हरवतही नाही!'' आधी काठ धरून, मग सरांचा एक हात पाठीखाली, मग एकच बोट, मग बोटही नाही. त्यानंतर पालथं असताना वळून उताणं होणं, पाय मारत काठाकडे परत येणं. हातांचे ते सुंदर फटके वगैरे सगळ्यात शेवटी.

आया काठावर उभ्या राहून विचारतात, ''अजून फ्रीस्टाइल नाही शिकवलं?'' अहो, मुलाला आपण स्पर्धेला पाठवायचं आहे का आधी जिवंत ठेवायचं आहे? अचानक पाण्यात पडलं तर घाबरून न जाता तरंगायचं, काठ कुठे आहे ते बघायचं आणि तिथवर यायचं, एवढं आलं की पहिली पायरी झाली. बांगलादेशात घराघरापुढे तळी, त्यामुळे बुडणाऱ्या मुलांची संख्या फार. तिथं गावातल्याच तळ्यात बांबूचा मंच बांधून चार वर्षांपुढच्या मुलांना पोहायला शिकवतात. त्यांची कसोटी साधी आहे. २५ मीटर पोहून जाता यावं, ३० सेकंद तरंगता यावं आणि बुडणाऱ्याला पाण्यात न उतरता काठावरूनच कशी मदत करायची ते यावं. महागडा टाइल्सचा टँक लागत नाही, लागतो तो वेळ आणि लक्ष देणारं माणूस.

काठावरून मदत, हा धडा तर आपण सगळ्यांनीच शिकायला हवा. कोणी बुडत असेल तर आपण उडी मारायची नाही. बुडणारा माणूस घाबरून मिठी मारतो आणि दोघंही जातात. बांबू, दोर, ओढणी, अंगावरची साडी, रिकामी घागर किंवा झाकण लावलेला कॅन, जे हाताशी असेल ते त्याच्याकडे टाकायचं, स्वतः आडवं पडून ओढायचं आणि मोठ्यानं माणसं बोलवायची. १९९२ साली त्या घाटावर चार बायकांच्या अंगावर चार नऊवारी साड्या होत्या. कोणाला सुचलं नाही. सुचणार कसं, कोणी सांगितलंच नव्हतं.

''काळी पडेल हो!''

मुलींच्या आयांची कारणं मला आता पाठ झाली आहेत. पहिलं, 'उन्हानं काळी पडेल.' पडते थोडी. जूनमध्ये शाळा सुरू झाली, दोन पाऊस पडले की पहिल्यासारखी होते. आमची वेळ तशीही सकाळी सातची. सात वर्षांच्या मुलीच्या रंगाची काळजी आपण कोणासाठी करतोय, हे एकदा मनाशी विचारून बघा.

दुसरं, 'ते तसले कपडे.' नकोत ना! पूर्ण बाह्यांचे, गुडघ्याखाली येणारे पोहण्याचे कपडे मिळतात. नाही मिळाले तर अंगाबरोबर बसणारी नायलॉनची पँट आणि टी-शर्ट चालतो. फक्त सुती फ्रॉक किंवा सलवार नको, सुती कापड पाणी पितं आणि जड होतं.

तिसरं, 'केस खराब होतात.' टोपी घाला. पोहण्याआधी आणि नंतर साध्या पाण्यानं अंघोळ घाला. कान वाहत असेल, ताप असेल, अंगावर जखम असेल तर ते दिवस सुट्टी. फिट येत असेल किंवा दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारा आणि शिकवणाऱ्याला आधी स्पष्ट सांगा, लपवू नका.

आणि चौथं, जे कोणी बोलत नाही, पण मनात असतं, ते म्हणजे मुलीला काय करायचंय. आरती साहा ही बंगाली मुलगी १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये पोहली तेव्हा अवघी अकरा वर्षांची होती आणि १९५९ मध्ये इंग्लिश खाडी पोहून जाणारी आशियातली पहिली महिला ठरली. ती पोहायला शिकली ती हुगळी नदीच्या घाटावर, चार-पाच वर्षांची असताना. घाट आपल्याकडेही आहेत की! पण मी तर म्हणते, खाडीबिडी राहू दे. आपल्या मुलीला सुटलेल्या गोधडीमागे दोन पायऱ्या उतरून परत काठावर येता यावं, एवढं बास.

दोन डोंगर, एक सूर्य

आता हॉलमध्ये चला. नाश्ता झाला आहे, केस ओले आहेत आणि मुलं चित्रांना बसली आहेत.

इथं चूक माझ्याच घरी झाली होती, ती आधी कबूल करते. माझा मुलगा पहिलीत असताना त्यानं म्हैस काढली होती. जांभळी म्हैस, पाच पायांची. मी म्हटलं, ''अरे, म्हशीला पाच पाय असतात का? आणि जांभळी कुठं बघितलीस?'' मग मी त्याचा हात धरून चार पायांची, काळी, व्यवस्थित शेपटीची म्हैस काढून घेतली. शाळेत त्या चित्राला 'छान' असा शेरा मिळाला. दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन आला आणि म्हणाला, ''आई, तूच काढ. तुला येतं.'' त्यानंतर त्यानं आपणहून चित्र काढलं नाही. आज तो इंजिनीअरिंगला आहे, चांगला मुलगा आहे. पण ती जांभळी म्हैस मला अजून आठवते. पाचवा पाय नव्हताच तो, कास होती! मी विचारलंच नाही.

शिबिराच्या पहिल्या वर्षीही मी तेच केलं. फळ्यावर देखावा काढून दिला. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, वळणं घेत येणारी नदी, कडेला झोपडी आणि नारळाचं झाड. बत्तीस मुलांनी बत्तीस देखावे काढले, एकसारखे. आमच्या गावात नारळाची झाडं मोजून चार आणि गावाच्या पूर्वेला सपाट उसाचं रान. सूर्य डोंगरातून उगवताना यातल्या कोणी कधी पाहिलेला नाही! शेवटच्या दिवशी आम्ही स्पर्धा ठेवली, तर आयांनीच खिडकीतून खाणाखुणा सुरू केल्या. एकीनं तर आत येऊन मुलीचं आकाश स्वतः रंगवून दिलं.

त्या वर्षानंतर मी थोडं वाचलं, एक-दोन जाणत्या कलाशिक्षकांशी बोलले. तेव्हा कळलं, की मुलांची चित्रं 'चुकीची' नसतात, ती त्यांच्या वयाची असतात. दोन-तीन वर्षांचं मूल नुसतं गिरगटतं, पण त्या गिरगटण्यातून त्याचा हात तयार होत असतो. चौथ्या वर्षाच्या आसपास माणूस येतो, एक मोठं डोकं आणि त्यातूनच फुटलेले दोन पाय. सहा-सात वर्षांचं मूल कागदाच्या खाली जमिनीची एक रेघ ओढतं, वर आकाशाची निळी पट्टी काढतं आणि मधली जागा मोकळी सोडते. घराच्या भिंतीतून आतली आजी आणि गॅस दिसतो. आई घरापेक्षा उंच असते, कारण आई महत्त्वाची असते! मूल जे दिसतं ते काढत नाही, जे माहीत असतं आणि जे वाटतं ते काढतं. आठ-नऊ वर्षांनंतर त्याचं त्यालाच 'खऱ्यासारखं' काढावंसं वाटायला लागतं, आणि नेमकं याच वेळी पुष्कळ मुलं 'मला जमत नाही' म्हणून पेन्सिल खाली ठेवतात. त्याआधी आपण किती वेळा नाक मुरडलं असेल, त्यावर ते बरंचसं अवलंबून असतं.

हे काही आजचं नाही. व्हिएन्नात फ्रान्झ चिझेक नावाच्या शिक्षकानं १८९७ मध्ये मुलांसाठी चित्रवर्ग काढला आणि त्यांना त्यांच्या मनानं काढू दिलं. आपल्या सेवाग्रामला शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद यांनी १९४४ पासून बरीच वर्षं मुलांबरोबर हेच काम केलं. आणि लांब कशाला, आपल्या आज्या-पणज्या चैत्रात अंगणात चैत्रांगण काढायच्या ते आठवा. गौर, सूर्य-चंद्र, शंख, गोपद्मं, तुळशीवृंदावन. त्यात तुळशीएवढा सूर्य असतो, आणि कोणी 'प्रमाण चुकलं' असं म्हणत नाही.

म्हणून आता आमच्या हॉलमध्ये फळा झाकलेला असतो. कागद मोठे, जुन्या कॅलेंडरची मागची बाजू. जाड मेणखडू, तेलखडू, गेरू, कोळसा, हळदीचं पाणी. खोडरबर नाही. चित्र रंगवायची तयार पुस्तकं नाहीत. विषय सांगायचाच झाला तर मुलांच्या जगण्यातला. 'आमच्या गल्लीत टँकर आला', 'मी दात पाडला', 'आजीच्या पायाला तेल'. आणि आम्हा मोठ्यांना एकच नियम, की मुलाच्या कागदाला हात लावायचा नाही. 'हे काय काढलंस?' असं न विचारता 'मला सांग ना यातलं' असं म्हणायचं. मग बघा, मूल किती बोलतं! स्पर्धाही बंद. शेवटच्या दिवशी दोरीला चिमटे लावून सगळ्यांची सगळी चित्रं टांगतो.

पुढे सातवी-आठवीत एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा आहेत. तिथं स्थिरचित्र, संकल्पचित्र, प्रमाण, छायाप्रकाश हे सगळं रीतसर शिकायचंच आहे. दहावीला त्याचे वाढीव गुणही मिळतात. पण त्या वयापर्यंत मुलाचं चित्राशी नातं टिकलं तर ना! पहिलीच्या मुलाला त्या परीक्षेच्या तयारीला बसवू नका, एवढंच सांगणं.

पाण्यातली माणसं

एक गंमत सांगते. दर वर्षी पहिल्या दिवशी आम्ही मुलांना सांगतो, 'नदी काढा.' आणि शेवटच्या दिवशी पुन्हा सांगतो, 'नदी काढा.' दोन्ही चित्रं शेजारी टांगतो.

पहिल्या चित्रांत नदी म्हणजे खाली एक निळी पट्टी असते आणि माणसं असलीच तर काठावर, ओळीनं उभी. तीन आठवड्यांनंतरच्या चित्रांत माणसं पाण्यात असतात. कोणाचे पाय वर, कोणाचं नुसतं डोकं दिसतंय, कोणाच्या तोंडातून फुगे. पाण्याचा रंगही बदलतो. हिरवा, तपकिरी, एकदा तर चक्क पिवळा. विचारलं तर म्हणाला, ''डोळे उघडले ना आत, की ऊन दिसतं.'' हे मला ठाऊकच नव्हतं. कसं असणार? मी काठावरची.

गेल्या वर्षी दुसरीतल्या एका मुलीनं नदी काढली होती. मध्यभागी दोन बायका, एक छोटी, एक खूप मोठी, दोघी पाण्यात. मी विचारलं, ''सांग ना यातलं.'' ती म्हणाली, ''ही मी. आणि ही आई. मी तिला शिकवतेय.'' तिची आई दारात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. हीच ती, 'मुलीच्या जातीला पोहून काय करायचंय' म्हणणारी.

या वर्षी आम्ही मुलांच्या बॅचनंतर आयांची बॅच सुरू करतोय. आठ ते नऊ, फक्त बायकांसाठी. पहिली दोन नावं आली आहेत. एक त्या मुलीच्या आईचं आणि दुसरं माझं. पंचेचाळिसाव्या वर्षी मी फुगे काढायला शिकणार आहे! सर म्हणाले, भोपळा सगळ्यांकडे असतो.

शिबिरात घालण्याआधी एवढं बघा

- पाणी इतकं स्वच्छ हवं की तळ दिसला पाहिजे. उथळ आणि खोल भागाच्या मध्ये दोर हवा.
- लहान मुलांच्या एका गटाला एक शिकवणारा आणि त्याशिवाय नुसतं लक्ष ठेवायला एक माणूस हवाच. आमच्याकडे सहा मुलांमागे एक शिकवणारा असतो.
- पहिल्या दिवशी तुम्हाला काठावर बसू देत नसतील किंवा मुलाला ढकलून शिकवत असतील, तर ती जागा सोडा.
- भरल्या पोटी पोहायला पाठवू नका. उपाशीही नको, अर्ध्या तासापूर्वी केळं किंवा कपभर दूध पुरे.
- पोहता आलं तरी नदी, तलाव, धरण, शेततळं इथं एकट्यानं जायचं नाही, हे मुलाला रोज सांगा. टँकमध्ये शिकलेलं मूल नदीच्या धारेत तितकंच सुरक्षित नसतं.
- बुडालेल्याला बाहेर काढल्यावर उलटं धरून फिरवणं, पोट दाबणं, मिठात ठेवणं हे प्रकार करू नका, त्यात मोलाची मिनिटं जातात. श्वास बंद असेल तर तोंडानं श्वास द्यायचा आणि छाती दाबायची असते. ते कसं करायचं, हे गावातल्या डॉक्टरांना बोलावून मंडळात एकदा शिकून घ्या. लगेच १०८ ला फोन करा.
- चित्रकलेच्या वर्गात भिंतीवर सगळी चित्रं एकसारखी दिसली, तर समजा तिथं चित्र एकच माणूस काढतो, मुलं नुसती रंगवतात.
- घरी कागद, खडू आणि एक कोपरा द्या. भिंत थोडी खराब होईल. दिवाळीला रंग देतोच ना आपण?

बघा मैत्रिणींनो, पटतंय का. पटलं तर यंदा मुलाबरोबर मुलीचंही नाव घाला. आणि तिनं जांभळी म्हैस काढली, तर आधी विचारा, पाचवा पाय कशाचा आहे.